ती समोर येतच नाही

५ जानेवारी २०२५, रविवार

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. पालेगावच्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघं वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिन्हीसांजेला वीज गेली. अंधारात माझ्या मानेवर गार, ओली बोटं टेकली आणि मी अशी किंचाळले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. बोटं अनंतांची होती. पण माझ्या किंचाळण्यानं तेच इतके दचकले की सूप उलटं झालं. मग चाचपडत वाल गोळा करताना दोघांनाही हसू आवरेना. सासूबाई आतून ओरडल्या, "काय रं, भूत बगितला का काय?"

समोर मी त्यांना 'अहो' म्हणते. इथे लिहिताना अनंता, सगळं गाव म्हणतं तसं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे काल मुंबईच्या डॉक्टरांनी मला दचकायला बंदी केली. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप फार अरुंद झाली आहे. छाती उघडून नवी बसवावी लागेल, आणि लवकर. तोवर जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही, मनाला धक्का बसू द्यायचा नाही. "काही सवयी?" डॉक्टरांनी विचारलं. अनंता गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वाईन लावल्याशिवाय हिची दुपार जात नाही."

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी जी सोय असते तिचं नाव वाईन. हे डॉक्टरांना समजावताना अनंताच हसले. डॉक्टर नाही हसले. "कसले गेम?"

"भुताचे."

"बंद करा."

मी अजून ऑपरेशनला हो म्हटलेलं नाही. विचार करून सांगते म्हटलं.

८ जानेवारी

तेजस्वीचा चिखलोलीहून सकाळीच फोन. "आई, ते सगळे गेम आजच्या आज काढून टाक. बाबांना दे फोन."

बाबांनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेळू दे तिला. तेवढा तास ती बरी असते."

मला आश्चर्य वाटलं. हेच गृहस्थ माझ्या गोळ्या घड्याळ लावून देतात, लोणचं लपवून ठेवतात.

पण खरं सांगितलं त्यांनी. दिवसभर छातीत एक भीती बसलेली असते. ती हलत नाही, बोलत नाही, नुसती बसून राहते. दुपारी जेवण झालं की आम्ही हॉलचे पडदे ओढतो. मी कीबोर्डवर, ते शेजारच्या खुर्चीत, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. अवघड जागा आली की ते डोळे मिटतात आणि विचारतात, "गेलं का?" कंपनीत उकळत्या टाक्यांवरची मीटरं बसवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते पडद्यावरच्या सावलीला घाबरतात. मी हसते. तेवढा वेळ छातीतली ती भीती गप्प असते, कारण ही दुसरी भीती माझ्या हातातली असते. एस्केपची कळ दाबली की संपली.

रिटायर झाल्यावर हा कॉम्प्युटर आम्ही उल्हासनगरहून हरेशच्या दुकानातून जुना आणला. विंडोज त्याला झेपेना. हरेश म्हणाला, "आंटी, लिनक्स डालके देता हूँ. फुकट आहे, व्हायरस लागत नाही, चालवून तर बघा." आधी पत्ते खेळायचो. मग भुतं आली आणि पत्ते सुटले.

आवडते तसे बरेच आहेत. दीपगृहाचा एक आहे, त्यात जिना चढताना बुडालेला माणूस पाय धरतो. मला तो कुठल्या पायरीवर येणार हे पाठ आहे, तरी दर वेळी ओरडते. एक रिकाम्या इस्पितळाचा आहे. तिथली नर्स पाठमोरी उभी असते, ती वळते ते इतकं हळू की बघवत नाही. आणि सगळ्यांत लाडका तो 'दाराआडची'. तो हौशी लोकांनी मिळून बनवला आहे आणि मुळातच लिनक्ससाठी आहे, वाईन लागत नाही. एका घरात एक म्हातारी फिरत असते आणि आपण कपाटात लपायचं. त्याचं मराठी भाषांतर मी करते. इंग्रजीत भुताला 'इट' म्हटलं की भागतं. मराठीत तो, ती की ते, हे आधीच ठरवावं लागतं आणि अर्धं गुपित तिथेच फुटतं. पुष्कळ विचार करून मी 'ती' केलं.

कॉन्व्हेंट शाळेत मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. त्याच मराठीत आता मी भूत बोलवते. सिस्टरनी बघायला हवं होतं.

१३ जानेवारी

दीपगृहात आज बुडालेला माणूस आला नाही.

मी जिना चढले. श्वास धरून ठेवला, खांदे वर घेतले. काहीच नाही. वर पोचले, दिवा फिरत होता, खाली समुद्र दिसला. इतक्या वर्षांत मी तो समुद्र नीट पाहिलाच नव्हता. सुंदर काढलाय.

"काय झालं हो याला?"

"अपडेटमध्ये काहीतरी बिघडलं असेल," अनंता म्हणाले. आज त्यांनी डोळे मिटलेच नाहीत, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

१४ जानेवारी, संक्रांत

गोदूवन्सं पालेगावातून तिळगूळ घेऊन आल्या. अनंतांची थोरली बहीण. जुन्या घरात एकट्या राहतात, आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी अंगणात वाल लावतातच. बसल्या, आणि सरळ विषयाला हात घातला.

"कवा करतंस ऑपरेशन?"

"बघू वन्सं. उन्हाळा जाऊ दे."

"भुताला बगून हसतंस आनि डाक्टरला बगून पलतंस. उलटाच कारभार हाय तुजा."

"भूत छाती उघडत नाही ना, वन्सं."

त्या हसल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या. अनंता तिथे चहा टाकत होते. दोघं हळू आवाजात किती वेळ बोलत होती. मी गेले तर वन्सं पदरानं डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, गॅसचा धूर. गॅसचा कसला धूर?

१७ जानेवारी

मन दुखावलं गेलं, म्हणून लिहिते.

जेवणानंतर हल्ली मला आधी थोडं पडावं लागतं. आज डोळा लागला नव्हता. हॉलमधून अनंतांचा आवाज आला. चांगले ओरडले, "अगं आई गं!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बराच वेळ कीबोर्डची टकटक.

हे माझ्याशिवाय खेळतात.

दाराशी जाऊन पाहिलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लागलेलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय चाललंय?"

ते केवढ्यानं दचकले! "अपडेट," म्हणाले.

पूर्वी महिनोन् महिने अपडेट करायचे नाहीत. आता रोज. मी परत जाऊन पडले. एवढ्या वर्षांत या माणसानं एकट्यानं भुताचा गेम उघडला नव्हता. एकटं राहायची सवय करून बघतायत. मी नसताना दुपारी काय करायचं, त्याची.

२२ जानेवारी

आज इस्पितळाचा. नर्स पाठमोरी उभी होती. मी जवळ गेले, अगदी शेजारी. तिनं मान वळवलीच नाही. आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, ओळखीच्या बायका बसस्टॉपवर उभ्या राहतात तशा.

"अहो, सगळे गेम निवळलेत. लिनक्सवरची भुतं रिटायर झाली की काय?"

"ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. जड भुतं त्याला पेलत नाहीत."

मला हसू आलं, पण दुपार फुकट गेली. गेममध्ये भीती नसली की छातीतली उठून बसते.

हॉस्पिटलातून तारखेसाठी फोन आला होता. मार्चनंतर बघू म्हटलं. अनंता समोर उभे होते. वळून कॉम्प्युटरपाशी गेले. त्यांना माझ्या जिवापेक्षा ते मशीन जवळचं झालं आहे, असं क्षणभर वाटलंच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली. कडधान्याचा डबा सांडला. कुणाला सांगितलं नाही.

२८ जानेवारी

हरेशचा फोन. माझं मराठी 'दाराआडची' त्यानं दुकानातल्या मशीनवर टाकलं आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला.

"आंटी, तुमची बुढ्ढी झूठ बोलते."

"काय झालं?"

"खोलीतून जाताना बोलते, येते हं. पब्लिकला वाटतं, आली! कपाटातून कोणी बाहेरच निघत नाही. एक पोरगी तर तशीच बसून राहिली, बोलली, अंकल, ती येतेय."

मी पोट धरून हसले. मूळ इंग्रजीत तिथे आहे, 'मी जाते'. म्हातारी खोली सोडते आणि आपल्याला बाहेर पडायची संधी मिळते. पण मराठी बाई निघताना जाते म्हणेल का? माझ्या हातून 'येते हं' आपसूक लिहिलं गेलं. त्यात काही चुकलं हे आजपर्यंत मनातही आलं नव्हतं.

"हरेश, जाते म्हणायचं नसतं रे. अशुभ असतं."

"भूत को क्या अशुभ, आंटी!" मग म्हणाला, "आणि खरंच येते तेव्हा काय बोलते?"

"काही नाही. आल्यावर कशाला सांगायचं?"

"हां, तो बराबर. अशी एकदम तोंडासमोर येते ना, एक गिऱ्हाईक खुर्चीवरून पडलं."

"तोंडासमोर?"

"मग! तुमच्याकडे येत नाही?"

आधी यायची. या महिन्यात एकदाही आली नाही. नुसती लांबून फिरते आणि येते हं म्हणून निघून जाते. मला वाटत होतं गेमच बदलला असेल. पण तोच गेम, तेच मराठी, आणि हरेशकडे ती समोर येते.

ऑपरेशनच्या आधी एकदा तरी नीट दचकायचं आहे मला. हे तेजस्वीला सांगितलं तर ती मला खोलीत कोंडेल.

३० जानेवारी

पडून लिहिते, अक्षर वाईट येईल.

ब्लाउजचं माप देऊन येते असं अनंतांना सांगितलं आणि रिक्षानं उल्हासनगर गाठलं. हरेशनं स्वतःची खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. "फक्त पाच मिनिटं हां आंटी, अंकल ओरडतील."

म्हातारीचं स्वयंपाकघर. मी कपाटात. फटीतून तिचे पाय दिसत होते. खाली माझंच वाक्य उमटलं, येते हं. मला त्याचा अर्थ ठाऊक. मीच लिहिलेलं. पाय दाराबाहेर गेले. मी दार ढकलून बाहेर पडले आणि वळले.

ती समोर होती. पडदाभर तोंड.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. छातीवर कुणीतरी पाटा ठेवावा तसं झालं. पडद्याच्या कडा काळ्या होत आत येऊ लागल्या. मला वाटलं तोही गेमचाच भाग. बोटांनी एस्केपची कळ शोधली, दाबली. म्हातारी गेली. काळ्या कडा गेल्या नाहीत. मी दाबतच होते. हरेश नंतर म्हणाला, "आंटी, गेम कबका बंद झाला होता, तरी तुम्ही कळ दाबत होतात."

शुद्धीवर आले तेव्हा दुकानाच्या फरशीवर होते, डोक्याखाली कुणाची तरी बॅग. अनंता आलेले दिसले. माझं मनगट धरून बसले होते. मी डोळे मिटून घेतले, लाजेनं. त्यांचा आवाज मात्र ऐकला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या मशीनवर बसवलंसच कसं तिला? माझ्याकडची सगळी काढलीत मी. एकेक. हातानं. रोज."

"मुझे क्या पता अंकल! मला बोलायचं ना एकदा."

बिचारा हरेश. काय काढलं एवढं, देव जाणे. व्हायरस असतील. पण लिनक्सला व्हायरस लागत नाहीत म्हणून तर आम्ही तो घेतला. आणि असले समजा, तरी ते लोकांसमोर असं बोलून त्याच्या दुकानाला नाव ठेवायचं?

जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, या वेळी उठलात. पुढच्या वेळचं सांगता येत नाही.

१ फेब्रुवारी

पलंगावरच. तेजस्वी रजा टाकून आली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. शेवटी दुपारी उशी नीट करताना म्हणाली, "आई, तुला आम्ही नकोच आहोत का?"

"असं काय बोलतेस गं?"

"मग सही कर."

ती मुलगी लहानपणी माझ्या पांघरुणात शिरून म्हणायची, भूत आलं तर आधी तुला खाईल, मग मला पळता येईल. आज तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला. मग परत दिला.

४ फेब्रुवारी

दोन दिवस एकच विचार. दुकानात मी कळ दाबत होते आणि काहीच संपत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं की मी घाबरायला सराईत आहे. नव्हते. मी फक्त बाहेर पडता येणाऱ्या भीतीला सराईत होते. ही झडप म्हणजे बिनकळीची भीती. उन्हाळा जाऊ दे, मार्च जाऊ दे म्हणत मी कपाटात बसून आहे, आणि ती काही न सांगता कधीही समोर येईल.

दुपारी अनंता खिचडी वाढत होते. मी म्हटलं, "तारीख घ्या."

त्यांनी डाव पातेल्यात ठेवला. "कसली?"

"ऑपरेशनची. जवळची मिळेल ती."

ते न्हाणीघरात गेले. नळाचा आवाज किती वेळ येत होता! सोसायटीच्या टाकीत आधीच पाणी कमी, आणि हे एवढं पाणी सोडून आत काय करत होते कोण जाणे. बाहेर आले तेव्हा सगळं तोंड ओलं.

मग मी विचारून टाकलं. मनात ठेवून आत जायचं नव्हतं. "माझ्याशिवाय खेळत होतात ना? मी ऐकलंय तुमचं ओरडणं."

"हो."

"सगळे?"

"सगळे. शेवटपर्यंत."

"एकट्याला आवडतं?"

"अजिबात नाही. एकदा उलटी झाली."

"मग कशाला?"

त्यांनी माझ्या खिचडीवर तूप सोडलं, डॉक्टर नको म्हणतात त्याहून जास्त. "आधी जाऊन बघायचं होतं," म्हणाले. "पुढे काय आहे ते."

मला जे कळायचं ते कळलं. मी नसेन तेव्हाचं पुढचं. रागावले नाही. शहाणपणाचंच आहे ते, आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. फक्त म्हटलं, "उलटी झाली तर सांगायचं तरी. लिंबूपाणी दिलं असतं."

ते हसले. खूप दिवसांनी.

९ फेब्रुवारी, रविवार

उद्या सकाळी मुंबईला भरती व्हायचं, परवा ऑपरेशन. बॅग भरून झाली. गोदूवन्सं आज इथेच मुक्कामाला आल्यात. माझ्या पायांना तेल लावताना म्हणाल्या, "छाती फाडली तरी ती जीब तेवडी जाग्यावर ठेवा, असं सांग त्या डाक्टरला." तेजस्वी हसली, मीही.

दुपारी अनंतांनी विचारलं, खेळायचं का? मी नको म्हटलं. पडदेही ओढले नाहीत. आम्ही नुसते बसलो. त्यांचा हात होता खांद्यावर.

आता कामाचं. हे तेजस्वीनं वाचावं, आणि रडत बसू नये.

माझी कशिद्याची पेटी तेजस्वीची, धाग्यांसकट. सुया गंजल्या असतील तर टाक, पेटी टाकू नकोस. 'दाराआडची'चं शेवटच्या खोलीतलं भाषांतर राहिलं आहे, तेही तूच पुरं कर. भुताला अहोजाहो करायचं नाही. आणि इंग्रजीचं बोट धरून चालू नकोस, वाक्य आधी मोठ्यानं म्हणून बघ.

हिरवी इरकल गोदूवन्संना. त्या नको म्हणतील, ट्रंकेत घालून ठेवतील. समोर बसून नेसायला लावा.

मोठे हेडफोन हरेशला. देताना सांगायचं की आंटीचा तुझ्यावर राग नाही, कधीच नव्हता. फोनवर नाही, दुकानात जाऊन सांगायचं.

मिक्सर आणि पितळेचं मोठं पातेलं कुणाला ते तुम्ही ठरवा, भांडा हवं तर.

मी परत आले तर यातलं सगळं ज्यानं त्यानं आपणहून आणून द्यावं. मला मागायला लावू नये.

कॉम्प्युटर यांचा. पुसून नवा करून घेऊ नका, जसा आहे तसा राहू दे. गेम बिघडलेत, पण दुरुस्त करून आणायचे नाहीत. यांना असेच झेपतात. दुपारी पडदे ओढून बसले तर तेजस्वीनं, नाहीतर वन्संनी, शेजारी बसायचं आणि खांद्यावर हात ठेवायचा. एकटं तिथे जाऊ द्यायचं नाही. ते म्हणतील, मला काही वाटत नाही.

वाटतं.